चोरीला जाईल तेच छापू

पुस्तक निवडण्याचे जगात पुष्कळ मार्ग आहेत. कोणी संपादक मंडळ बसवतं, कोणी लेखकाचं आडनाव बघतं, कोणी मेव्हण्याला विचारतं. मालवणच्या नेल्सन सरांना यातलं काहीच मानवलं नाही. त्यांच्या ‘खुबे चित्रकथा’ या प्रकाशनाचा नियम एकच होता: चोरीला जाईल तेच छापू.

वर्षाला एक पुस्तक काढण्याची खुबेची ऐपत. येऊन येऊन चित्रकथा किती येणार, तर पाच नाहीतर सहा. चतुर्थीच्या आधी त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, पिना मारायच्या आणि बाजारपेठेतल्या बाबूच्या सलूनमध्ये बाकावर नेऊन ठेवायच्या. लेखकांची नावं काढून टाकायचं काम अक्षयाचं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी आणि प्रकाशनातली दुसरी, म्हणजे शेवटची, व्यक्ती. चतुर्थीला सगळं मालवण केस कापून घेतं, मुंबईहून आलेले चाकरमानीही घेतात. गणपती गेले की अक्षया उरलेल्या चोपड्या परत आणायची. जी सापडायची नाही ती छापायला जायची.

कोरोना सरल्यावर हे सुरू झालं आणि सरांचं नाव झालं. पुण्याच्या एका संमेलनात त्यांनी यावर भाषण ठोकलं. ‘सलूनमधून पुस्तक कोण उचलतं? ज्याला पुढचं पान बघितल्याशिवाय राहवत नाही तो. असा चोर हाच खरा वाचक!’ टाळ्या पडल्या. खुबेच्या एका पुस्तकाला बक्षीस मिळालं तेव्हा तर ही पद्धत म्हणजे वाचनाची लोकशाही आहे, असंही कोणीतरी लिहून गेलं.

गंमत म्हणजे सर आलेल्या चित्रकथा वाचतच नसत. वाचलं की मन एका बाजूला कलतं, असं ते म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. शाळेत चित्रकला शिकवताना दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी हे चित्र त्यांनी इतक्या हजार वेळा तपासलं होतं, की दुसऱ्याच्या चित्राला गुण देण्याची त्यांना शिसारी बसली होती. तेवढे दिवस ते सलूनची पायरीही चढत नसत. मास्तर वर्गात उभा असला की पोरं कॉपी करत नाहीत, तसे चोरही चोरी करणार नाहीत.

यंदा मात्र सरांची झोप उडाली होती, कारण यंदाच्या गठ्ठ्यात एक चित्रकथा त्यांची स्वतःची होती. त्यांचे वडील बोटीवर कुक होते. त्यांची कथा सर कित्येक वर्षं काढत होते, खोडत होते, पुन्हा काढत होते. आपणच प्रकाशक, आपणच छापा, असं अक्षया म्हणाली तेव्हा ते चिडले होते. नियम तो नियम. वाचकानेच ती उचलायला हवी. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं काढली, आता एकदा तरी कोणीतरी आपलं पुस्तक शर्टात लपवून पळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. फक्त झेरॉक्सच्या कागदावर बारीक रेषा फिक्या दिसतात म्हणून आपली प्रत त्यांनी जाड, गुळगुळीत कागदावर काढून घेतली. तेवढ्याने काय होतंय!

चतुर्थी दोन दिवसांवर आली आणि सरांना धीर धरवेना. ते सलूनमध्ये शिरले.

खुर्चीवर एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून बसलं होतं. बाबूने गालावरून वस्तरा ओढला, डावा हात मागे नेऊन कागदाचा तुकडा घेतला आणि फेस त्याला पुसला. सरांनी बघितलं. फेसातून एका डुकराचं नाक बाहेर आलं होतं.

“बाबू! ह्यां काय करतंस?”

“दाढी करतंय,” बाबू म्हणाला. तो सरांचा शाळेतला बाकसोबती, त्यामुळे सरबीर काही नाही. “बस रे मेल्या. लय दिवसांनी इलंस.”

“तो कागद कसलो?”

“तुझोच! कोरोनात पेपर बंद केलंय. वाचणारा कोण आसा? पण पेपर नाय तर फेस पुसूचो कशाक? तुया आपलो दरवर्षी चतुर्थीच्या गर्दीक कागद आणून ठेवतंस. बायलेक मी कायम सांगतंय, नेल्सन पोरपणापासून मनान मोठो.”

सर बाकावर बसले. “दरवर्षी?”

“दरवर्षी. एक चोपडी बरोबर चतुर्थीपर्यंत पुरता.”

“आणि ती खंयची घेवची, तां कसां ठरवतंस?”

“ठरवूचां काय त्यात? वरची घेतंय.”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात. इथे तर कावळ्याला बक्षीसही मिळालं होतं. सरांना पुण्यातल्या त्या टाळ्या आठवल्या.

“वाचतंस तरी?” त्यांनी शेवटची आशा धरून विचारलं.

“चष्मो घराकडे आसता.”

“आणि गिरायकां?”

“गिरायकां मोबाईल बघतत.”

गठ्ठ्यात सगळ्यात वर सरांचीच चित्रकथा होती. कोरी करकरीत. गठ्ठा बांधताना अभिमानाने त्यांनीच तिला वर ठेवलं होतं.

“मगे ही वरची कित्याक नाय घेतलंस?”

“बघलंय घेवन. तो कागद जाडो, फेस टिपणा नाय. नुसतो घसारता.”

पुसायच्या कामातूनही आपलं पुस्तक बाद झालं, हे ऐकून सरांना रडावं की हसावं कळेना. शेवटी रडूच जास्त जवळचं वाटलं. ते लपवायला त्यांनी आपलीच चित्रकथा उघडली. पहिल्या पानावर वडील बोटीवर उभे, मागे समुद्र. दुसऱ्या पानावर वडील उभे, मागे मोठा समुद्र. प्रत्येक पानावर वडील कॅलेंडरवरच्या संतासारखे उभे होते आणि कुक असूनही एका पानावर साधा कांदा चिरत नव्हते. सर दोन दोन पानं एकदम उलटू लागले. आपण तसं करतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

मग त्यांनी डुकराची चोपडी ओढली. पुढची पानं फेसात गेली होती, शेवटची काही उरली होती. एका गावच्या ग्रामसभेला कोरमसाठी एक माणूस कमी पडतो, म्हणून ग्रामसेवक दारात आलेल्या डुकरिणीला हजर धरतो. मग तिलाही चहा द्यावा लागतो, आणि ती तो मान डोलवत पिते. शेवटच्या पानावर पुढची ग्रामसभा: सगळ्या खुर्च्या रिकाम्या, सरपंचही नाही, आणि डुकरीण एकटी वेळेवर येऊन माईकसमोर बसलेली.

सर फिस्सकन हसले. मग मोठ्याने हसले. मग बाबूने विचारलं म्हणून त्यांनी ती पानं त्याला वाचून दाखवली, आणि बाबू इतका हसला की गिऱ्हाईक ओरडलं, “वस्तरो खाली ठेव पयलो!”

आपल्या पुस्तकापेक्षा हे पुस्तक चांगलं आहे, हे सरांना कळलं आणि मुळीच आवडलं नाही. एवढ्या वर्षांची मेहनत त्या डुकरिणीने एका बैठकीत चहासारखी पिऊन टाकली होती.

“ती पानां थंयच ठेव हां,” बाबू वस्तऱ्याचं पातं बदलत म्हणाला. “उद्या गर्दी आसतली.”

सरांनी आपली चित्रकथा गठ्ठ्यावर परत ठेवली. बाबूची पाठ वळताच उरलेली डुकरीण शर्टात खुपसली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या सलूनमधून एक पुस्तक खरोखर चोरीला गेलं.

चौकात येऊन त्यांनी अक्षयाला फोन लावला. डुकरिणीचं पुस्तक जामसंड्याच्या समीक्षा नावाच्या मुलीचं, असं तिने सांगितलं आणि नंबर दिला.

“समीक्षा, मी नेल्सन बोलतंय, खुबे चित्रकथा. तुझां पुस्तक आमी काढतंव.”

“खरंच, सर?” मुलीने विचारलं. “चोरीला गेलं?”

“मी वाचलंय तां,” सर म्हणाले. आजवर एकाही लेखकाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे जीभ जड झाली होती. “माका खूप आवडलां गो. शेवटच्या पानार तर मी...”

“तुम्हाला आवडलं,” समीक्षा म्हणाली. काठावर पास झालेल्या पोरीचा आवाज होता तो. “म्हणजे कोणी चोरलं नाही.”

“तसां नाय...”

“नाही सर, चालेल. काढताय हेच खूप आहे. फक्त घरात सगळ्यांना सांगून बसले होते, माझं नक्की चोरणार म्हणून.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सरांना पटत होतं. पण त्या क्षणी त्यांना मुठीची नाही, पोरीची काळजी होती. घामाने शर्टातली पानं पोटाला चिकटली होती.

“चोरलां गो,” ते म्हणाले. “आजच चोरलां. बाबूचो डोळो चुकवन, शर्टात घालून नेलां.”

पलीकडे किंकाळी फुटली. “आये, माझां पुस्तक चोरलां! शर्टात घालून नेलां!” मग धावपळ, भांडं पडल्याचा आवाज, आणि धापा टाकत समीक्षा परत फोनवर. “सर, कोण असेल हो तो?”

“आसतलो कोणतरी,” सर म्हणाले. “वाचणारो.”

मागे सलूनच्या दारात बाबू फेसाचा वस्तरा धरून उभा होता आणि काहीतरी शोधत होता. सरांनी फोन खिशात टाकला, पोटावर हात दाबला आणि बाजारपेठ सोडून बंदराच्या वाटेने घरी गेले.