डाव्या चाकाचा आवाज

डॉक्टर भगवंतराव तिसऱ्यांदा मोटार घेऊन आले, तेव्हा माणिकराव मिस्त्री एका ट्रकच्या चाकाचे नट आवळत बसले होते. डॉक्टरांनी मागून दोनदा हाक मारली. मग ते वळसा घालून पुढे उभे राहिले, तेव्हा कुठे मिस्त्रींनी मान वर केली.

"अजून वाजतेच आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागवायचंही त्राण उरलेलं दिसत नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस ते चिखलीहून दुसरबीडच्या बाजूची खेडी करत. मोटार जुनी, तिच्यावरचा नंबर अजून मुंबई राज्याच्या दिवसांतला. रस्ता तर त्याहून जुना वाटावा असा. त्यात दोन महिन्यांपासून पुढच्या चाकाशी काहीतरी वाजायला लागलं होतं. खट्. पुढचा गड्डा आला की पुन्हा खट्.

"प्रत्येक खट्‌ला वाटतं, चाक निखळलं," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी जायचंय मला. तोवर ठेवा गाडी. पण या खेपेला नीट बघा हो, माणिकराव. आता ऐकवत नाही."

माणिकरावांनी त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवली.

गॅरेज टाकण्याआधी माणिकरावांनी पंधरा वर्षं कापसाच्या एका जिनात ऑइल इंजिन सांभाळलं होतं. कापसाची धूळ त्यांच्या छातीतून निघून गेली, पण इंजिनाचा धडधडाट कानात राहिला आणि हळूहळू त्यानं बाकी सगळं झाकून टाकलं. इंजिनाचं दुखणं त्यांना अजून कळायचं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ जबड्याच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं हाडातून ऐकू यायचं. पण चाकाजवळचा आवाज गाडी रस्त्यावर पळताना येतो. तिथं पेचकस कुठं लावणार?

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून फेरी मारली होती. "आला ना?" डॉक्टरांनी विचारलं, आणि माणिकराव म्हणाले, "हाव, आला की." मग त्यांनी अंदाजानं शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलला. दुसऱ्या खेपेलाही असंच झालं. त्या वेळी त्यांनी चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन बदलली. चाक जॅकवर उचलून हलवलं तर कुठेच ढिलं लागत नव्हतं.

घर गॅरेजच्या मागेच होतं. त्यांची बायको अन्नपूर्णा ओसरीत तूर निवडत बसली होती. माणिकराव तिच्यासमोर येऊन टेकले.

"माह्यासंग मोटारीत बस वो जरा," ते म्हणाले.

"कुठी जायचं?"

"कुठीच नाही. आवाज ऐकाचा हाय."

तिनं सुपावरचे हात थांबवले. "मंग आंधीच्या दोन खेपेले तुमी काय ऐकलं?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून फेकला. तिला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. म्हणून तिनं मोठ्यानं पुन्हा विचारलं. पण त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

"काहीच नाही," ते म्हणाले.

तिला हे ठाऊक होतं. तीन वर्षांपासून ती एकेक गोष्ट दोनदा सांगत होती, आणि गिऱ्हाईक आलं की कामाच्या निमित्तानं गॅरेजच्या दाराशी येऊन उभी राहत होती. पण हे त्यांच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"पुढच्या सीटवर बसू? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे," माणिकराव म्हणाले. ती उठली, हात धुतले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मोटारीत जाऊन बसली.

देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागल्यावर पहिली अडचण आली. आवाज झाला की अन्नपूर्णा सांगायची, पण इंजिनाच्या घरघरीत तिचं बोलणंच त्यांना ऐकू येईना. मग ठरलं, की आवाज आला की तिनं त्यांच्या दंडावर हात मारायचा. ऊन चढत होतं. गड्डा आला की ते ब्रेक दाबत, गाडी हळूच उतरवत, आणि दंडावर हात पडे. कधी गड्ड्याच्या आधी, कधी नंतर, कधी दोनदा. एका गड्ड्यात तर काहीच नाही.

"बराबर सांग ना!" ते वैतागले.

"बराबरच सांगून राह्यली मी."

एकाच मोरीवरून त्यांनी चार वेळा गाडी नेली. अन्नपूर्णाच्या कंबरेत कळ यायला लागली, तोंडात धूळ गेली. पाचव्या वेळी तिनं त्यांचा दंड धरूनच ठेवला. त्यांनी गाडी थांबवली.

"अवो, गड्ड्यानं नाही वाजत," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "तुमी पाय दाबता तवा वाजते. उचलता तवाबी वाजते. माह्या पायाखाली, इकडं."

माणिकरावांनी पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं. गड्डा दिसला की कोणीही ब्रेक दाबतोच. म्हणून डॉक्टरांना वाटलं गड्डा वाजतो, आणि माणिकरावांनीही तेच धरून दोन महिने गड्ड्याचा आवाज शोधला. त्यांनी सपाट जागा पाहून गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. दंडावर हात पडला. ब्रेक सोडला, हात पुन्हा पडला.

परत येऊन त्यांनी मोटार गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली, चाकं जमिनीवरच ठेवून. लोखंडी पहार घेऊन ते खाली उतरले आणि अन्नपूर्णाला वाकून खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. डाव्या चाकाच्या एकेका सांध्यात पहार घालून ते जोर लावत होते. ती मान हलवत होती. नाही. हे नाही. चाक धरणाऱ्या लोखंडी आर्मला पुढून आवरून धरणारा एक दांडा असतो. ब्रेक लागला की सगळा ताण त्याच्यावर येतो. त्या दांड्याच्या टोकाशी पहार घालून त्यांनी रेटा दिला, तशी तिनं खांदा गच्च दाबला.

"हाच! हाच तो!"

नट खोलला. बाहेरून चिखलानं लिंपलेलं रबर धड दिसत होतं. आतल्या रबराचा तेलानं खाऊन भुगा केला होता. जुन्या सामानाच्या पेटीतून त्यांनी दोन बऱ्यापैकी रबरी बुश शोधले, बसवले, आणि खड्ड्यातून वर येताना तिच्या हाताचा आधार घेतला.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी फेरी मारली. माणिकराव शेजारी बसले होते. दोन मैल गेल्यावर डॉक्टर हसले. "गेला हो! काय निघालं?"

माणिकरावांनी सांगितलं.

"मग आधीच्या दोन वेळेला?"

काहीही सांगता आलं असतं. डॉक्टरांना मोटारीतलं काही कळत नव्हतं.

"मले ऐकू येत नाही, साहेब," माणिकराव म्हणाले. "तवाबी आलं नव्हतं. मी उगाच हो म्हटलं. ह्या खेपेले घरच्या मानसानं ऐकलं."

डॉक्टरांनी गाडी बाभळीखाली थांबवली. "तो दांडा निसटला असता तर?"

"गाडी एका अंगाले ओढली असती."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हाव."

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी मागच्या सीटवरची बॅग ओढली, आतून कान तपासायचं यंत्र काढलं आणि दोन्ही कान पाहिले. एकदा पाहून पुन्हा पाहिले.

"पडदे चांगले आहेत," ते तोंड समोर धरून सावकाश म्हणाले. "आतलं गेलंय. त्या इंजिनानं. ते परत यायचं नाही, माणिकराव."

"माहीत हाय मले."

पण खरं तर त्यांना माहीत नव्हतं. कधीतरी, काहीतरी औषध घेऊन ते बरं होईल असं ते मनाशी धरून बसले होते, हे त्यांना त्या वेळी कळलं.

डॉक्टरांनी त्यांना गॅरेजशी सोडलं. "पुढच्या महिन्यात ग्रीसिंगला आणतो," म्हणाले आणि दुसरबीडला निघून गेले.

दारात एक जीपवाला वाट बघत होता. तो बोलायला लागला तसं माणिकरावांनी हात वर केला. "आंधीच सांगतो, भाऊ, मले कमी ऐकू येते. मोठ्यानं बोल." जीपवाल्यानं क्षणभर पाहिलं, मग ओरडून सांगितलं, की वळताना पुढून करकर येते. पुढं काही गिऱ्हाइकं हे ऐकून गाडी वळवून दुसरीकडे गेली. हा गेला नाही.

माणिकरावांनी ओसरीकडे पाहिलं. अन्नपूर्णा भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती.

"आज नाही," ती तिथूनच हातानं सांगत म्हणाली. "कंबर मोडली माही. उद्या दुपारी बसतो."

"उद्या ये," माणिकरावांनी जीपवाल्याला सांगितलं. जीप सावलीत लावून घेतली, हात पुसले, आणि चहा ठेवायला ते स्वतःच आत गेले.