बाबांच्या प्लेटमधला घेवडा

“उकडबाई, हेही आलं परत!” हॉटेलचे मुख्य आचारी असलेल्या वस्तादांनी मुलांच्या जेवणाचं खोकं ओट्यावर आपटलं. झाकणावरचं अस्वल हसत होतं. आतल्या घेवड्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

‘उकडबाई’ हे बारसं वस्तादांनीच केलेलं. बाई हॉटेलांच्या एका साखळी कंपनीत आहारतज्ज्ञ. मुलांच्या खोक्यातून त्यांनी तळलेले बटाटे आणि कोल्ड्रिंक हद्दपार केलं, मीठ निम्म्यावर आणलं. उकडलेला घेवडा, गाजर, मसुराचं कटलेट घातलं. कंपनीच्या बैठकीत झाडून सगळ्यांनी ते चाखून माना डोलावल्या. जेवण मुलांचं आणि परीक्षक पन्नाशीचे! एखादं पोर बोलवावं, हे कुणाला सुचलं नाही. बाईंनाही नाही.

“जीव ओतलाय हो मी यात.”

“थोडं मीठ ओतलं असतं तर?” वस्ताद म्हणाले.

आज निकाल होता. विभागाचे साहेब धाकट्या लेकीलाच घेऊन आले होते. “हिनं खाल्लं तर सगळ्या शाखांत हेच. नाहीतर उद्यापासून बटाटे परत. आणि बाई, मग तुमचं काय करायचं तेही बघावं लागेल.”

साहेबांनी स्वतःसाठी उकडलेल्या भाज्यांची प्लेट मागवली. लेकीपुढे खोकं आलं. तिनं ते दोन बोटांनी टेबलाच्या कडेला सरकवलं.

“चिमणे, एकच घास.”

“नको. भाजी आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात बाईंचं तोंड उतरलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला, आणि एक चिमुकला हात त्यांच्या प्लेटकडे निघाला. एक घेवडा गेला. मग गाजर. मग पुन्हा घेवडा.

“अगं लबाडे, हेच तर तुझ्या खोक्यात आहे!” साहेब फोन ठेवत म्हणाले.

“ते पोरांचं आहे,” ती म्हणाली. “हे बाबांचं.”

बाई आत धावल्या. “वस्ताद, मोठी प्लेट काढा. काचेची. काटाही मोठा. अस्वल नको!”

“फोडेल ती.”

“फोडू दे.”

वस्तादांनी ताजं वाढलं आणि सवयीनं हात मिठाकडे गेला. बाईंनी मनगटच धरलं. “ते तेवढंच राहील.”

प्लेट त्यांनी स्वतः नेली. “मॅडम, आपली ऑर्डर.”

मॅडम ताठ बसल्या. काट्यानं जमेना तेव्हा हातानं खाल्लं, पण गाजराचा एक तुकडा सोडला नाही. दारात अख्खं स्वयंपाकघर गोळा झालं होतं.

“खोकी बंद,” साहेब म्हणाले. “सगळीकडे मोठ्या प्लेटा. पण त्या अस्वलाचं काय करायचं?”

“त्याला द्या बटाटे!” वस्ताद दारातून ओरडले.

साहेब खो खो हसले. हसता हसता त्यांचा काटा लेकीच्या शेवटच्या कटलेटकडे वळला. तिनं प्लेटभोवती हाताचं कुंपण घातलं.

“बाबा, तुमचं संपलं ना? मग आपापलं मागवायचं.”

साहेबांनी काटा खाली ठेवला आणि बाईंकडे पाहत हळूच एक बोट वर केलं.

बाई आत गेल्या. अजिबात घाई न करता.