ओढ्याकाठचं गवत

तलासरीच्या डोंगराळ भागातल्या एका पाड्याचा बंधारा गाळाने भरत चालला होता. शेतातलं खत वाहून येई आणि पाणी हिरवं पडे. डहाणूहून पाणलोटाच्या कामाला येणाऱ्या शितलने उतार, पाऊस, माती आणि खत यांचा हिशेब संगणकावर मांडला. ओढ्याच्या काठाने गवताचा पट्टा राखला तर निम्मा गाळ अडेल, असं त्यातून निघालं. पाड्याला तेच पाणी प्यायचं होतं, म्हणून पाड्यातल्या बायजीने आपली काठालगतची भाताची खाचरं गवताला सोडली. त्या वर्षी तिच्या घरातला तांदूळ लवकर संपला, तरी ती कुरकुरली नाही.

२०१७च्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराने वरची टेकडी मुरुमासाठी बोडकी केली. पावसाळा लागताच लाल चिखलाचा लोट आला आणि गवत त्याखाली गाडलं गेलं.

शितलने बोडकी टेकडी धरून हिशेब पुन्हा मांडला. अख्ख्या पाड्याने पट्टे राखले तरी पाणी सुधारत नव्हतं. तिने तक्रार दिली, पण खोदकाम थांबलं नाही. शेवटी ती बायजीकडे गेली.

"मावशी, टेकडी अशीच राहिली तर गवताचा उपयोग नाही."

बायजीने विचारलं, "मग यंदा तिथं भात लावू?"

"लावा."

"या चिखलात रोपं धरतील?"

चपला काढून शितल बायजीमागून चिखलात उतरली. दोघींनी संध्याकाळपर्यंत लावणी केली.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा लोट आला, आणि एकही रोप उभं राहिलं नाही.