खोकणारी स्कूटर आणि दोन साडू

दंतवैद्याची वॉटर स्कूटर सुरू तर व्हायची. धक्क्याजवळ शहाण्यासारखी गुरगुरायचीसुद्धा. पण त्याने जरा जोर दिला, की दोनदा खोकायची आणि गप्प पडायची. मग तो तिच्यावर पालथा पडून, हातांनी पाणी मागे ढकलत काठाला यायचा. तलावावर फिरायला येणाऱ्यांत निम्मे त्याचे पेशंट. ते आदराने माना वळवायचे, पण वळवलेल्या मानांखाली खांदे गदगदताना त्याला स्पष्ट दिसायचे.

चूक त्याचीच होती. मागचा मोसम संपल्यावर त्याने टाकीतलं पेट्रोल तसंच ठेवून स्कूटरवर ताडपत्री ओढली होती. "दुखेपर्यंत वाट बघत बसलात ना?" असं येईल त्या पेशंटवर खेकसणारा हा माणूस! पण स्वतःवर खेकसायची सोय त्याच्या दवाखान्यात नव्हती.

"कार्बोरेटर," साडूने निदान केलं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याची गाडी शिकवायची शाळा होती. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत आल्यामुळे, जगातली सगळी वाहनं आपल्यामुळेच धड चालतात असं त्याला मनापासून वाटायचं.

"ते मला माहीत आहे," दंतवैद्य म्हणाला. खरं तर ते त्याला साडूच्या तोंडूनच कळलं होतं.

सुट्टीच्या दिवशी कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर आला. दोघांनी बाह्या वर केल्या. एक एक स्क्रू सुटत गेला आणि साडूचा चेहरा गंभीर होत गेला.

"डॉक्टर, फ्लोट कुठाय?"

"म्हणजे?"

"मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये वाटी असते. तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. इथे वाटीच नाही! काढून घेतलीय कुणीतरी."

दंतवैद्याचं डोकं तडकलं. त्याने स्कूटर विकणाऱ्या माणसाला फोन लावला आणि वाटीचोर म्हणून चांगलं झापलं. पलीकडचा माणूस आधी गोंधळला, मग हसला, आणि मग त्याने फोन ठेवून दिला. जी स्कूटर पाण्यावर सतत उसळते आणि कलंडते, तिच्यात फ्लोटची वाटी काय कामाची! तिथे एक पातळ रबरी पडदाच पेट्रोल मोजून आत सोडतो. हे तासाभराने त्या पडद्यावर बोट दाबून बघताना दंतवैद्याच्या लक्षात आलं. त्याने फोन करून माफी मागितली नाही. साडूकडे विजयी नजरेने मात्र पाहिलं.

"तेच म्हणतोय मी मघापासून," साडू म्हणाला.

जुन्या पेट्रोलच्या साक्याने कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजली होती. दंतवैद्याने ती दात कोरायच्या सुईने कोरली आणि सगळे भाग दवाखान्यात नेऊन, हत्यारं धुवायच्या कंपनयंत्रात बुडवले. त्याची बायको दवाखान्याचा स्वागतकक्ष सांभाळायची. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी तोंड खळखळून विचारलं, "आज औषध बदललंय का? पेट्रोलसारखं लागतंय." बायकोने मिठाची गुळणी धरली, पण संध्याकाळी नवऱ्याला जेवायला वाढताना पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं.

आतल्या चिमुकल्या जाळीवर हिरवट चिकटा साचला होता. तो पुसलेला फडका बघून बायको म्हणाली, "अहो, हा आला कुठून?"

"जुनं पेट्रोल."

"आणि ही पेट्रोलची राखाडी नळी? आतून विरघळल्यासारखी दिसते. माझ्या बोटाला तोच चिकटा लागला."

"नळी गळत नाही ना? मग झालं! नळी म्हणजे कार्बोरेटर नव्हे."

वरचा दात चकचकीत घासून मुळाकडे काणाडोळा करणाऱ्या पेशंटला त्याने बिनभुलीचं टोचलं असतं.

रविवारी तलावावर दोन्ही कुटुंबं जमली. स्कूटर पाण्यात उतरली आणि पहिल्याच दणक्यात अशी सुटली, की काठावरचे सगळे पेशंट टाळ्या वाजवू लागले. दंतवैद्याने धक्क्याभोवती ऐटीत एक चक्कर मारली. लगेच साडू म्हणाला, "आता मी." दंतवैद्य हँडल सोडेना, साडू सीट सोडेना. शेवटी दंतवैद्य पुढे, साडू मागे, असे दोघे निघाले. स्कूटरला ब्रेक नसतो हे साडूला वाटेत कळलं. त्याचे दोन्ही पाय जिवाच्या आकांताने काहीतरी दाबत होते आणि हात दंतवैद्याच्या पोटात रुतले होते.

तलावाच्या बरोबर मध्यावर स्कूटर दोनदा खोकली.

वारा पडला होता. पाणी आरशासारखं शांत होतं, आणि अशा पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"काय केलंत, डॉक्टर?"

"मी? तुम्ही कार्बोरेटरचा तो स्क्रू फिरवलात का?"

"जरासा. फार उघडा ठेवला होतात तुम्ही."

"कधी फिरवलात?"

"तुम्ही लाइफ जॅकेट घालत होतात तेव्हा. उपकार माना!"

"उपकार? तुला कुणी हात लावायला सांगितला होता?" दंतवैद्य 'तू'वर आला.

"मग तुझ्यावर सोडू? मी तर तेव्हाच सासऱ्यांना सांगितलं होतं, हा मुलगा नको. नुसता चोपडा बोलतो, हाताला काही जमत नाही!"

काठावर दंतवैद्याची बायको बहिणीसाठी थरमासमधून चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही. "ताई," ती म्हणाली, "बाबांनी भाऊजींचं एकदा तरी ऐकायला हवं होतं."

तिकडे दंतवैद्याचा तोल गेला होता. "हाताला जमत नाही? ऐक मग! तुझी मागची दाढ चांगली होती! काढायची होती शेजारची. चुकून ती निघाली, म्हणून मग दोन्ही किडल्यात असं सांगून दुसरीही काढली!"

काठापर्यंत शब्दन् शब्द पोचला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने स्वतःचा गाल दाबून धरला. त्याच्या शेजारच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला हळूच विचारलं, "तुमची कोणती काढली होती हो?"

स्कूटरवर साडूची जीभ गालाच्या आत हळूहळू फिरत होती. मग तो फक्त म्हणाला, "चांगली होती?"

"उत्तम," दंतवैद्य कसनुसा होऊन म्हणाला. "मुळं तर बघण्यासारखी होती."

दोघी बहिणी पायांनी मारायची होडी घेऊन आल्या, स्कूटरला दोर बांधला, आणि नवऱ्यांकडे न बघता आपापसांत पडद्याच्या कापडाबद्दल बोलत त्यांना ओढत काठाला घेऊन गेल्या. साडू स्कूटरवरून धडपडत उतरला आणि सरळ गाडीत जाऊन बसला. शेजारच्या सीटवर.

दंतवैद्याने त्याच आठवड्यात नवी नळी बसवली. जुनी चिरून पाहिली तर आतून ती शेंबडासारखी झाली होती. जाळी पुन्हा साफ केली, स्क्रू बरोबर लावला. स्कूटर एकदाही खोकली नाही. मात्र तिच्यावर आता दोघी बहिणी बसतात, कारण दंतवैद्य तलावाकडे फिरकतच नाही. दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवं होण्याआधी आरशात बघून बोटाने दात दाखवतात. "हा. हा नाही, हा," असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतात, आणि बायको ते तारखेसकट टिपून ठेवते.

साडूला नवी दाढ बसवून द्यायची, असं बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं. साडू आला. खुर्चीत आडवा झाला. त्याने भूल नाकारली, हातात आरसा घेतला, आणि दंतवैद्य काम संपवेपर्यंत एकदाही डोळे मिटले नाहीत.

"दुखतंय का, साडूभाऊ?" दंतवैद्याने विचारलं.

साडूने तोंड उघडंच ठेवून, फार काळजीपूर्वक, नाही म्हणून मान हलवली.