मोईज सरांचं चालत नाही
नारायणगावच्या स्टँडवर जीपची वाट बघत उभी होते, तिथं मी ते खोटं बोलले. अर्ध्या मिनिटाचं काम.

मोईज सर समोरून आले. "वृषाली, पीएचडीचा अर्ज भरतेयस म्हणं. पत्र लागंल ना कुणाचं? मी लिहितो की."

मी फाडकन म्हणाले, "सर, तासिकेवाल्यांचं चालत नाही तिथं. कायम प्राध्यापकच लागतो."

"अस्सं व्हय," एवढंच म्हणाले. जीप आली, मी बसले.

असा नियम कुठंही नव्हता. सर आमच्या कॉलेजात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते, नावापुढं पद नाही. पण येडगावला आमच्या टोमॅटोवर व्हायरस आला तेव्हा दोन वर्षं माझ्याबरोबर सऱ्यांतून तेच फिरले. सूक्ष्मदर्शकाखाली पान कसं धरायचं, चुकलेली नोंद वहीत तशीच का ठेवायची, सगळं त्यांनी शिकवलं. तरी मला भारी नावं हवी होती. आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणालेच होते, "पत्र घ्यायचं तर मोठ्या माणसाचं घे. बारक्याला कोण इचारतंय?" आमच्याकडं दाखल्यापासून बदलीपर्यंत असंच चालतं. पण वडलांवर कशाला ढकलू? शेण मीच खाल्लं.

मोठी माणसं दोन, विभागप्रमुख आणि प्राचार्य. दोघांनीही तेच सांगितलं, "तूच लिहून आण, सही करतो." बसले लिहायला. स्वतःची स्तुती काही सुचेना, म्हणून मोईज सर माझ्याबद्दल वेळोवेळी जे बोलले होते ते आठवून उतरवलं. 'ही मुलगी चुकलेलं लपवत नाही,' हेसुद्धा. तेव्हा लाज वाटली नाही.

मार्चात, जिथं पीएचडीचा अर्ज केला होता त्या संस्थेचा मेल आला. विभागप्रमुखांनी माझ्यासाठी दिलेलं पत्र आणि माझ्याच वर्गातल्या श्रेयासाठी दिलेलं पत्र शब्दशः एकच, नाव तेवढं वेगळं. दोघींचे अर्ज बाद. विभागप्रमुखांना फोन लावला तर हसले. "अगं, इतकं झकास लिहिलं होतंस, तिलाही तेच दिलं. त्यात काय एवढं!" डोकं असं सणकलं! पण भांडू कशाच्या जोरावर? पत्र मूळचं माझं म्हणावं, तर मीच लिहिलं हे कबूल करायला लागणार.

पुढच्या वर्षीच्या अर्जाला मोईज सरांचंच पत्र घ्यायचं असं ठरवून जुन्नरला त्यांच्या घरी गेले. कॉलेजनं यंदा त्यांना तासिकाच दिल्या नव्हत्या. त्यांनी चहा सांगितला. मी झालेलं सगळं सांगितलं, स्टँडवरचं खोटं तेवढं वगळून.

"लिहिलं असतं गं," ते म्हणाले. "पण माझं चालत न्हाई ना. रूहीलाबी मी तेच सांगितलं."

रूही माझ्या मागच्या वर्षाची. आमच्यात सगळ्यात हुशार तीच, पण बाकीच्या सरांना तिचं नावही धड माहीत नव्हतं.

"पत्र मागायला आली व्हती. म्हटलं, माझ्या पत्रानं तुझा अर्ज बाद व्हायचा, वृषालीनं चौकशी केलीय. दुसऱ्या कुणाकडं जायचा तिला धीर झाला न्हाई. अर्जच केला नाय पोरीनं. आता मंचरला औषधाच्या दुकानात असते." कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "का, नियम बदलला का यंदा?"

"नियम नव्हताच, सर. मी खोटं बोलले."

त्यांनी दोन्ही कप उचलले आणि आत नेऊन ठेवले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझं पत्र देईन मी," बाहेर येऊन म्हणाले. "पण हे तिला सांगून ये आधी. तूच सांग."

तशीच मंचरला गेले. रूही काउंटरमागं गोळ्यांची पाकिटं लावत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"ताई! लागला का तुमचा नंबर? तुमी आधीच चौकशी केली म्हणून बरं झालं बघा. नायतर मी फुकटच आस लावून बसले असते."

मागं गिऱ्हाईक उभं होतं. मी डोकेदुखीची गोळी मागितली, पैसे दिले आणि बाहेर पडले.