करवतीच्या साखळीचे डावे दात

धाकट्याच्या बायकोला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी दोघा भावांनी मला विकत आणले. मित्रांनो, मी लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीची जुनी साखळी आहे. सध्या एका गंजक्या डब्यात, वाळलेल्या तेलाच्या चिकट थरात पडून आहे. माझीच मला किळस येते.

माझे निम्मे दात उजवे, निम्मे डावे. प्रत्येक दातापुढे एक ठेंगणा खुंट असतो. दाताने लाकडाचा केवढा घास घ्यायचा, ते तो ठरवतो.

थोरला भाऊ रोज सकाळी मला पुसून घेई. पहिल्या दातावर खडूची खूण करी आणि गोल कानस घेऊन एकेक दात घाशी. उजव्या दाताला तीन हात, डाव्याला चार; कारण त्या बाजूला त्याचा हात हलका पडे. धाकटा हसायचा.

"दादा, धार लावतोयस की तिची नखं रंगवतोयस? ऊन डोक्यावर आलं!"

"खाली काय पडतंय ते बघ, मग बोल. ढलप्या पडल्या तर ती कापते. पीठ पडलं तर नुसती घासते."

त्या दिवसांत माझ्या दातांखालून टपोऱ्या ढलप्या उडत.

पुढे थोरल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि कानस धाकट्याकडे गेली. सांगायलाही लाज वाटते. हाताला सोपे पडणारे उजवे दात तेवढे तो घाशी. मशीन फिरवून डावे घासायचा त्याला कंटाळा. वर मला इंजिनातले जळके, काळे तेल पाजी. त्याची घाण, त्यात माखलेला भुसा, त्यावर झाडाचा डिंक. शी! काप वाकडा जाऊ लागला, पीठ पडू लागले. मग या शहाण्याने काय करावे? झटपट काम व्हावे म्हणून दातांपुढचे खुंटच कानशीने उतरवून टाकले!

संध्याकाळी थोरल्याने मला बोटांनी चाचपले. बोटे काळी झाली.

"अरे, खुंट कुठे गेले? ही आता उसळेल. उद्या हिला लावू नकोस, नवी आण."

"तुला दिसत नाही आणि बोटांनी कळतं होय? उद्या तेवढं ते झाड संपवतो, मग आणतो."

"भावजी, ऐका की त्यांचं एवढं," थोरल्याची बायको म्हणाली.

"झालं! आता तुम्हीपण कारागीर!"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचे टोक एका फांदीला टेकले. माझ्या दाताने न पेलणारा घास घेतला, तो तिथेच अडकला, आणि मशीन उसळून धाकट्याच्या मानेवर आले.

करवतीने घात केला, असे लोक म्हणाले. त्या बोलण्याचीही मला शिसारी येते. मित्रांनो, तुमची कात्री असो की सायकल, जी बाजू हाताला अवघड पडते तिची निगा आधी राखा. आणि चाचपून सांगणाऱ्याला हसू नका.

धाकटा भाऊ त्याच बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, दवाखान्याच्या वाटेवर वारला. तो चौतीस वर्षांचा होता.