झोळीची गाठ

महिपतने स्टीलच्या हुकात चार बोटं घातली आणि जोर लावून खाली ओढलं. दुकानाच्या छताला टांगलेली स्प्रिंग कुरकुरली, वीतभर लांबली आणि त्याने हात सैल करताच पुन्हा जागेवर गेली. खाली लोंबणारी निळी जाळीची झोळी बराच वेळ हलत राहिली.

“वीस किलोपर्यंत काही होत नाही, काका,” दुकानाच्या मालकीण संजीवनीताई म्हणाल्या. “नात किती किलोची आहे तुमची?”

“आत्ताच वजन केलं. साडेपाच,” सेजल म्हणाली. ती महिपतची सून. चार महिन्यांच्या लेकीला डोस द्यायला आज तिघं महाडला आली होती. डोस झाल्यावर सेजल थेट या दुकानात शिरली. तिच्या नवऱ्याने, किरणने, मुंबईहून तिच्या मोबाइलवर अशाच झोळीचा फोटो पाठवला होता. ‘तिकडे असेपर्यंत घेऊन टाक, तुझे हात भरून येतात,’ असं त्याने लिहिलं होतं.

महिपतने पुन्हा हुक धरला. फिरवून पाहिला. जोडावर नख घासून पाहिलं.

“काका, यात गाठ मारायचा प्रश्नच नाही,” संजीवनीताई हसून म्हणाल्या. “आमच्या आयांच्या वेळी साडीची झोळी आणि सुंभाचा दोर. गाठ घट्ट बसली की नाही, कोण सांगणार? इथे हुक अडकवला, की काम झालं.”

महिपतने हुकावरचा हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

बाळ कुरकुरायला लागलं. मांडीत सुई टोचलेल्या जागी पाय आखडून धरत होतं. संजीवनीताईंनी आतल्या बाजूचा पडदा सरकवला आणि सेजलला पाजायला बसायची जागा दाखवली. पडद्याशी सेजल थांबली.

“बाबा, तुम्हीच विचारा आईंना. मी दोनदा विचारलं. घरात झोळी टांगायची नाही, एवढंच म्हणतात.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “एक विचारू? त्यांना नातू हवा होता का?”

“नाय गो. तसं काय नाय.”

“मग उभ्याने कधीच का घेत नाहीत हिला? खाली बसल्या की मांडीवर घेतात. उठायचं झालं की लगेच माझ्याकडे देतात. मला वाटतं, मुलगी झाली म्हणून…”

“तसं काय नाय,” महिपत पुन्हा म्हणाला. यापुढे काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं, पण ते सुनेला सांगण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं.

त्याची बायको तुळसा बाहेर होती. शेजारच्या बंद गाळ्याच्या पायरीवर पिशवी मांडीत धरून बसली होती. दुकानात ती आलीच नव्हती.

त्यांच्या वाडीत तुळसाची एक सवय सगळ्यांना माहीत होती. लाकडाची मोळी असो की गवताचा भारा, गाठ ती स्वतः मारत नसे. शेजारच्या प्रयागबाईला हाक मारी, “तू बांध गो,” आणि बांधून झालं की दोनदा ओढून बघायला लावी. बाया हसत. कुणाकडे बारसं असलं की जाई, पण पाळण्याजवळ जात नसे. उंबऱ्याशी बसून गाणी ऐकायची, सुंठवडा घ्यायचा आणि परत यायचं. किरण झाला तेव्हाही तिने घरात झोळी बांधली नाही. त्याला कुशीत घेऊन जमिनीवर निजवलं आणि कामाला जाताना पाठीशी नेलं. तेही दुसऱ्या कुणाकडून पदर आवळून घेऊन.

महिपत तिच्याजवळ पायरीवर बसला.

“चांगली हाय,” तो म्हणाला.

“आसू दे. आपल्या घरात नको.”

“लोखंडाचा हुक हाय. गाठ मारावी लागत नाय.”

पिशवीच्या बंदाशी चाळा करणारी तुळसाची बोटं थांबली. चौतीस वर्षांत ‘गाठ’ हा शब्द दोघांनी एकमेकांशी उच्चारला नव्हता.

त्यांची पहिली मुलगी शेवंता तेव्हा पाच महिन्यांची होती. लावणीचे दिवस होते. तुळसा पोरीला पाजून, झोळीत निजवून खालच्या झऱ्यावर पाण्याला गेली होती. हंडा डोक्यावर घेऊन चढण चढत असताना सासूची ओरड कानावर आली. धावत घरात गेली तेव्हा झोळी एका बाजूने सुटून लोंबत होती. खाली दगडी जातं होतं. पोरीला फडक्यात गुंडाळून माणसं पळत निघाली, पण उमरठचा रस्ता लागण्याआधीच ती गेली. सासू त्या दिवशी म्हणाली, आणि पुढे मरेपर्यंत म्हणत राहिली, “हिला साधी गाठ मारता आली नाय.” किरणला एवढंच सांगितलं होतं की, तुझ्या आधी एक मुलगी होती, ती जगली नाही.

“तुळसा,” महिपत म्हणाला, “ती गाठ तुझी नव्हती.”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“तू झऱ्यावर गेलीस तवा मी घरी आलो व्हतो. ढवळ्या बैलाचं दावं तुटलं व्हतं. औत चिखलात तसंच उभं. झोळीचा दोर लांब व्हता, तू चार वेढं द्यायचीस. मी पोरीला काढून गोधडीवर ठेवली. दोर सोडून दाव्यासाठी अर्धा कापला. राहिला तो वाश्याला पुरंना. एकच वेढा बसला. तशीच गाठ मारली, पोरीला आत ठेवली नि गेलो.”

“आत्याबाई कुठं व्हत्या?”

“आय परसात व्हती. तिनं बघितलं नाय मला.”

रस्त्यावरून भाताच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो गेला. तो वळून दिसेनासा होईपर्यंत तुळसा त्याच्याकडे बघत होती.

“आत्याबाई बोलायच्या, तवा तुमी तिथंच असायचात,” ती म्हणाली.

“व्हय.”

“जेवत असायचात.”

महिपतने मान खाली घातली. “त्याच दिवशी सांगणार व्हतो. मग म्हटलं, जरा शांत होऊ दे. मग किरण झाला. तू हसाय-बोलाय लागलीस. वाटलं, आता कशाला…”

तुळसा उठली. पदर नीट केला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दुकानाच्या पायऱ्या चढली. ती रडेल, चारचौघांत ओरडेल असं त्याला वाटलं होतं. या पायरीवर बसून त्याने मनाची तीच तयारी केली होती. आतून तिचा नेहमीचाच आवाज आला.

“घे ती झोळी, सेजल.”

“खरंच, आई?”

“घे. पण आधी दोन दिवस भाताचं पोतं टांगून बघायचं. मग बाळाला.”

सेजल पडद्याआडून हसत बाहेर आली. संजीवनीताईंनी झोळी घडी घालून खोक्यात भरली, स्प्रिंग वेगळ्या कागदात गुंडाळली. महिपतने खोका उचलला तेव्हा तो वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला.

पोलादपूरच्या एसटीत सेजल बाळाला घेऊन खिडकीशी बसली, तिच्याशेजारी तुळसा. महिपत मागच्या बाकावर खोका मांडीवर घेऊन बसला. हमरस्त्याच्या कडेने सावित्री नदी दिसत होती, मध्येच झाडांत जात होती. त्याला छातीत मोकळं वाटत होतं, आणि असं मोकळं वाटण्याची लाज वाटत होती. समोर तुळसाची मान दिसत होती. अंबाड्यात आता काळा केस शोधावा लागत होता. पंचवीस वर्षांची असताना सांगितलं असतं तर? किरणच्या बारशाला ती पाळण्याला हात लावून उभी राहिली असती. गवताचे भारे तिने स्वतः आवळले असते. आयसमोर एकदा तरी मान वर करून बोलली असती. सांगायला आज किती वेळ लागला? तो टेम्पो रस्त्यावरून जाईपर्यंत.

पोलादपूरला उतरले तेव्हा उमरठकडे जाणारी जीप अजून भरायची होती. बाळ झोपलं होतं. सेजल त्याला घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. तुळसा बाहेरच थांबली, रसवंतीच्या बाकड्यावर. महिपतने खोका खाली ठेवला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसला.

“रस घेतेस?” त्याने विचारलं.

तिने नको म्हणून मान हलवली.

“तुमी तिला झोळीतून काढली,” ती म्हणाली, “तवा ती जागी व्हती का?”

महिपतने डोळे मिटले. तो दिवस त्याला शोधावा लागला नाही. विळ्याची गुळगुळीत मूठ, कापलेल्या दोराचं पिंजलेलं टोक, सारवलेल्या जमिनीवर उठलेले स्वतःचे चिखलाचे पाय. खालच्या खाचरातून औत धरून उभ्या असलेल्या मालोजीची हाक, बैल थांबत नाही म्हणून. सगळं जिथल्या तिथे होतं. पोरीला उचलल्याचं वजनसुद्धा हातांना आठवत होतं. तिचं तोंड तेवढं आठवत नव्हतं. डोळे उघडे होते की मिटलेले, तो पुन्हा पुन्हा बघू लागला, आणि दर वेळी त्याला दोरच दिसला.

जागी होती, माझ्याकडे बघून हसली, असं म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही.

“बघितलं नाय गो मी,” तो म्हणाला. “घाईत व्हतो.”

तुळसाने मान डोलावली. जीपच्या काचेतून सेजल झोपलेल्या लेकीच्या अंगावरचं दुपटं सारखं करताना दिसत होती.

“उठली की लगेच रडायची नाय ती,” तुळसा म्हणाली. “वर वाश्याकडं बघत पडून राहायची. मग कुणाचं तोंड दिसलं, की दोन्ही पाय झाडायची.”

महिपतने खाली ठेवलेला खोका पायाशी ओढून घेतला.

“पाणी घेऊन चढण चढताना रोज वाटायचं, आता उठली आसंल, आता बघत आसंल. त्या दिवशी पण वाटलं.” तिने पदराने ओठ पुसले. “आज तुमी सांगाय लागलात तवा वाटलं, मला नाय तर निदान तुमाला तरी जागी दिसली आसंल.”

जीपवाल्याने उमरठ, उमरठ अशी हाक दिली. तुळसा उठली आणि पुढे होऊन सेजलच्या शेजारी बसली. सेजलने सरकून महिपतसाठी जागा केली, पण तो खोका घेऊन मागच्या दाराने चढला.